ओळखलं का विचारू नये

त्या सिस्टरांवर माझा राग आहे. तो मी जपून ठेवला आहे आणि सोडणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द आले तर कुणी गैरसमज करून घेऊ नये.

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. पेठच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याला लागून माझी शेड आहे. दुसऱ्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर धुण्यापासून सुरुवात केली. कुणाच्या बापाची मदत घेतली नाही, स्वतःच्याही नाही. गिऱ्हाईक फाटकातून आत येतं त्या चालीवरून मला कळतं, हा घेणार आहे की टायरला लाथ मारून, चहा पिऊन जाणार आहे. डोकं माझं लवकर तापतं. पण सौद्यात तापलेलं डोकंही कामाला येतं. आवाज चढवला की समोरचा निम्मा वाकतो. या बाई वाकल्या नाहीत. पहिल्याच भेटीत मी आवाज चढवला तर म्हणाल्या, "भाऊ, हळू. सात नंबरचे बाबा आत्ताच झोपलेत. उठवलं तर परत झोपवायला तुमालाच बसवीन."

बाबा उठले. आणि मी, ज्याच्या दारात दहा माणसं ताटकळत बसतात तो मी, अर्धा तास एका अनोळखी म्हाताऱ्याचे पाय चेपत बसलो. तक्रारीची सुरुवात तिथून धरा.

आमच्याकडच्या हायवेवरच्या एका गावातला तो दवाखाना. खाली ओपीडी, वर तीस खाटांचा जनरल वॉर्ड आणि कडेला तीन स्पेशल रूम. वरचा सगळा मजला सिस्टरांच्या ताब्यात. नोकरीची दोन-तीन वर्षं उरलेली, बुटकी, रुंद बांध्याची बाई. घोडेगावच्या पुढे डोंगरात जिथं जाऊन एसटी माघारी फिरते, तिथलं त्यांचं माहेर. चालताना खिसे वाजायचे. एका खिशात तीन-चार जुने चष्मे, कानातल्या मशीनचे सेल आणि एक कंगवा. दुसऱ्यात कात्री आणि बडीशेप. चष्मे कुणाचे होते देव जाणे. कुणी म्हातारा डोळे बारीक करून छताकडे बघताना दिसला की एकेक चष्मा त्याच्या नाकावर चढवून विचारायच्या, "आता? आता दिसतंय का? मी कशी दिसते?" म्हातारा म्हणायचा, "जाड." सिस्टर म्हणायच्या, "बसला चष्मा."

वॉर्डात शाळेत असतं तसलं मोठं घड्याळ होतं. ते त्यांनी पाहुण्यांच्या समोरच्या भिंतीवरून काढून खाटांच्या पायथ्याकडच्या भिंतीवर लावून घेतलं होतं. पाहुण्यांना वेळ कळून काय करायचंय, त्यांना मोबाईल आहे, असं त्यांचं म्हणणं. घड्याळाशेजारी रोज पान फाडायचं कॅलेंडर. ते पान फाडायचा मान दररोज एका पेशंटचा. त्यावरून भांडणं व्हायची. पित्ताशयाचे खडे काढलेला एक जाडजूड गृहस्थ डिस्चार्ज मिळूनही एक दिवस जास्त राहायला तयार होता, कारण उद्या पान फाडायचा त्याचा नंबर होता.

आणि दारावर खडूने लिहिलेली पाटी. रोज पुसायची आणि रोज नव्याने लिहायची:

"ओळखलं का विचारू नये. आपले नाव सांगावे. गाव सांगावे. वार व वेळ सांगावी."

आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. खाटेवर वाकतो, तोंड तोंडाजवळ नेतो आणि विचारतो, "काय आबा, ओळखलं का? मी कोण, सांगा बरं?" आबांनी ओळखलं तर तो विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघतो. नाही ओळखलं तर बाहेर येऊन सांगतो, "काय खरं नाय राव आबांचं." सिस्टरांना या परीक्षेची भयंकर चीड. "आधीच माणूस गोंधळलेला, आन ह्ये परीक्षा घ्यायला येत्यात. नापास झाला की त्यो आणखी घाबरतो. आपलं नाव सांगितलं तर काय झिजतंय का?"

एकदा एक पुढारी सहा माणसं घेऊन आले. त्यांचा जुना कार्यकर्ता चार नंबरवर होता. पुढारी वाकले. "काय आबा, ओळखलं..."

"साहेब," सिस्टर मागून म्हणाल्या, "पाटी."

साहेब गेले, पाटी वाचून परत आले. सवयीने हात जोडले आणि एका दमात नाव, गाव, आज गुरुवार, दुपारचे चार, असं सगळं म्हणाले. आबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"मत मागायला दवाखान्यात आलाय व्हय रं?"

सिस्टर टाळी वाजवून मागच्या शिकाऊ पोरीला म्हणाल्या, "लिहा. चार नंबर, एकदम शुद्धीवर."

म्हातारा माणूस दवाखान्यात ऑपरेशनने किंवा तापाने पडला आणि दोन दिवसांत काहीबाही बरळायला लागला, तर डॉक्टर कागदावर डेलिरियम लिहितात. नातेवाईक म्हणतात म्हातारचळ लागला, नाहीतर बाहेरचं काहीतरी झालं. सिस्टरांचा शब्द वेगळा होता. त्या म्हणायच्या, "चकवा लागलाय." रोजच्या रानात, रोजच्या पायवाटेवर माणसाची दिशा जाते आणि तो एकाच बांधाला फेऱ्या घालत राहतो, त्याला आम्ही चकवा म्हणतो. "त्यात माणूस येडा नसतो," सिस्टर सांगायच्या. "वाट तीच, माणूस त्योच. खुणा तेवढ्या दिसत न्हाईत. तर आपण खुणा दाखवायच्या. चष्मा द्यायचा, उजेड द्यायचा, घड्याळ दाखवायचं, वळखीचा आवाज द्यायचा. आन चकवा कशानं लागला ते हुडकायचं. त्यो आपोआप लागत न्हाई."

नवे डॉक्टर बाहेरगावचे, हुशार पोरगा. ते पुस्तकाप्रमाणे विचारायचे. एका आजोबांना त्यांनी विचारलं, "बाबा, आज तारीख किती?"

आजोबा म्हणाले, "कंच्या केसची?"

डॉक्टर लिहायला लागले. सिस्टरांनी त्यांचं पेनच धरलं. "डॉक्टर, ह्यांचा बांधाचा दावा चालू हाय. ह्यांना तारीख म्हंजी कोर्टाची. थांबा." आणि आजोबांकडे वळून, "बाबा, आज बाजार कुठला?"

"आज सोमवार. बेल्ह्याचा."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"जुन्नरचा. त्याच्या आधी चाकण. का, बैल घ्यायचाय का तुला?"

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. पुढे तेही बाजारच विचारायला लागले, पण त्यांचे वार चुकायचे आणि पेशंट त्यांना दुरुस्त करायचे. उलटे वार विचारण्यात सिस्टरांची खरी मेख होती. चकव्यातल्या माणसाला आजचा वार एखाद्या वेळी सांगता येतो, पण एकेक दिवस मागे चालायला सांगितलं की दोन पावलांत त्याचा धागा सुटतो. बघणाऱ्याला वाटायचं, बाई गप्पा मारतेय.

ओरडणाऱ्यापेक्षा त्या गप्प पडलेल्याला जास्त भ्यायच्या. मढ गावाकडची एक आजी होती. सून कौतुकाने सांगत होती, "आमच्या आत्याबाई लई शांत. काय म्हणून तरास न्हाई." सिस्टरांनी आजीला बाजार विचारला. आजीने डोळे उघडले, मिटले. जेवण तसंच पडलेलं. काल ती बोलत होती का, विचारलं तर सून म्हणाली, काल तर सगळ्या वॉर्डला ओव्या म्हणून दाखवल्या. "मग आज ही शांत न्हाई बाय, हरवलीय ती," म्हणत सिस्टर डॉक्टरांना ओढतच घेऊन आल्या. छातीत कफ भरला होता. चार दिवसांनी त्या आजीने कॅलेंडरचं पान फाडलं आणि पान फाडायचीही एक ओवी म्हटली. चाल लावून. ती ऐकायला त्या दिवशी औषधाच्या गाड्या थांबल्या होत्या.

आता माझ्याकडे येतो.

माझे वडील अण्णा बैलांचे दलाल. बेल्ह्याच्या बाजारात त्यांच्या उपरण्याखाली सगळ्या तालुक्याचे बैल विकले गेले, असं म्हणतात. बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांनी हात हातात घ्यायचे, वरून उपरणं टाकायचं आणि बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. बोट झटकलं की नाही. तळहात दाबला की पक्का. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. मला त्यांनी ही बोटं लहानपणी शिकवली. मी ट्रॅक्टरच्या धंद्यात पडलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता बैलाला कोण इचारतो." त्या दिवसापासून मला नावाने हाक मारली नाही. मी झालो ट्रॅक्टरवाला. आणि उपरण्याखाली माझा हात परत कधी घेतला नाही. मीही पुढे केला नाही. आम्ही दोघे एकाच मातीचे.

अण्णा ओट्यावरून घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं. मी दवाखान्याच्या मॅनेजरशी दोन दिवस भांडून स्पेशल रूम मिळवली होती. एसी, टीव्ही, जाड पडदे. पडद्यामागे खिडकी होती, तिच्यासमोर एका हातावर शेजारच्या इमारतीची भिंत. पण रूम स्पेशल होती, आणि ती मी माझ्या अटींवर घेतली होती.

तिसऱ्या दिवशी अण्णा सकाळभर झोपले आणि दुपारी उठून सलाईन उपटायला लागले. छतावर कुणीतरी शेळ्या चारतंय म्हणाले. मग चादरीखाली त्यांची बोटं हलायला लागली. धरतायत, सोडतायत, चिमटीत काहीतरी पकडतायत. ते बघून मला एवढा आनंद झाला! मी भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "बघा, अण्णा सौदा करतायत. खुबा मोडला पण धंदा सुटत नाही. आता काळजी नाही." माणसं हसली. कुणी व्हिडिओ काढला. एका चुलतभावाने वाकून विचारलं, "अण्णा, ओळखलं का? कितीला देताय खोंड?" फक्त सलाईनचा हात तेवढा त्याने पट्टीने खाटेला बांधून टाकला, उपटू नये म्हणून.

दोन दिवस सिस्टर रजेवर होत्या. शनिवारी सकाळी त्या रूममध्ये आल्या, पडदा उघडला, भिंत बघितली, पडदा सोडला, टीव्ही बंद केला. बांधलेली पट्टी बघून खिशातली कात्री काढली आणि कचकन कापली. मग अण्णांच्या हलणाऱ्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्ये कधीपासून?"

"कालपासून," मी अभिमानाने म्हणालो. "दलाल आहेत. सौदा करतायत."

"कुणाबरोबर?"

"म्हणजे?"

"सौद्याला दोन हात लागत्यात भाऊ. दुसरा कुणाचा हाय?" सिस्टरांनी चादरीकडे बोट केलं. "तुमाला येतात ना बोटं? घाला हात."

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. किती वर्षांनी, मी चादरीखाली हात घातला. अण्णांचा हात गरम होता. त्यांनी माझं बोट धरलं, सोडलं, मनगटावरचा चादरीचा दोरा ओढला, परत बोट धरलं. मी दोन बोटं पुढे केली. त्यांनी ती चिवडली, जशी चादर चिवडत होते तशीच. मी थांबलो. परत केली. त्या बोटांत आकडा नव्हता. माझ्या बापाच्या हातात आकडाच नव्हता.

मी हात बाहेर काढला. खोलीतली माणसं माझ्याकडे बघत होती.

"चकवा लागलाय," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "चादर चिवडतायत ते. पडण्याआधी कसे व्हते?"

"एकदम ठणठणीत. पडले त्याच सकाळी एका बैलाच्या दातांवरून भांडले होते."

"मग म्हातारचळ न्हाई. म्हातारचळ काय दोन दिवसांत येतो? आन सकाळी झोप, दुपारी आरडाओरडा, असा वर-खाली होत न्हाई."

मग माझं डोकं तापलं. आधी का सांगितलं नाही, काय दवाखाना आहे का बाजार, मी कोण आहे माहीत आहे का, सगळं बोलून झालं. शेवटी म्हणालो, "ते काही नाही. एक झोपेचं इंजेक्शन द्या आणि शांत करा त्यांना."

"न्हाई. झोपेची गोळी परवापासून चालूच हाय. तुमच्याच सांगण्यावरनं."

"मग मी पुण्याला हलवतो."

सिस्टरांनी कमरेचा नॅपकिन काढला, माझा हात हातात घेतला आणि वर नॅपकिन टाकला. मी चाटच पडलो. त्यांनी माझी दोन बोटं धरली.

"दोन काय?" मी विचारलं.

"दिवस."

मी एक बोट दिलं. त्यांनी झटकलं. परत दोन. मी पुन्हा एक, वर पुण्याची धमकी तोंडाने. त्यांनी दोन धरून असं दाबलं की हाडं वाजली. ही बोटं बाईमाणसाला कुठून आली? नंतर कळलं, लहानपणी बाजारात वडिलांच्या मांडीवर बसून ती पोरगी उपरण्यात डोकं घालून सौदे बघत असे. पन्नास माणसांना न दिसणारं सगळं तिने आतून बघितलेलं.

मी तळहात दाबला. दोन दिवस. सोमवारपर्यंत अण्णा ठिकाणावर आले नाहीत तर मी पुण्याला नेणार. त्यांच्या बाजूच्या अटी त्यांनी हात सुटल्यावर सांगितल्या, हे बेकायदेशीर आहे: स्पेशल रूम सोडायची, मी स्वतः दिवसभर बापाजवळ बसायचं, आणि मोबाईल बंद.

दुपारी अण्णांना जनरल वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. भांडून मिळवलेली रूम गेली. खिडकीतून रस्ता, त्यापलीकडे उसाचं रान आणि लांबवर डोंगर दिसत होता. ऊन थेट अंगावर. डॉक्टर आले, लघवी तपासायला पाठवली, रक्त घेतलं. लघवीत इन्फेक्शन निघालं. पोट चार दिवस साफ नव्हतं, ते कुणी विचारलंच नव्हतं. पाणी कमी पडलं होतं. लघवीची नळी काढली, झोपेची गोळी बंद केली, दुखण्याचं औषध वेळेवर सुरू केलं.

"ह्यांना ऐकू येतं का?" सिस्टरांनी विचारलं.

"मशीन आहे ना. भारीतलं घेतलंय."

"कुठाय?"

"घरी. कपाटात. इथं हरवलं असतं."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. वॉर्डातले सगळे बघायला लागले तेव्हा म्हणाल्या, "कपाटाला बरं ऐकू येत आसंल आता."

मी स्वतः गाडी काढून मशीन आणि चष्मा आणला. कपाटाची ती गोष्ट पुढे आठवडाभर वॉर्डात चालली. तक्रारीत हेही धरा.

आणि मग माझं काम. दर तासाला मी सांगायचं, "अण्णा, मी तुमचा थोरला. आज शनिवार, दुपारचे तीन. तुम्ही दवाखान्यात आहात. खुब्याचं ऑपरेशन झालंय, चांगलं झालंय." अण्णा म्हणायचे, "तू चोर हायेस. माझी जोडी सोडून नेलीस." आयुष्यात मला चोर म्हणणाऱ्याला मी सोडलेलं नाही. पण सिस्टरांनी ताकीद दिली होती: भांडायचं नाही, हो ला हो पण म्हणायचं नाही; वार सांगायचा आणि पाणी पाजायचं. मी दात ओठ खाऊन वार सांगत होतो. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "ट्रॅक्टरवाले, एवढ्या प्रेमानं तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलला तर शेड पुरायची न्हाई."

रविवारी अण्णांना धरून उभं केलं. दोघांच्या आधाराने चार पावलं टाकून खुर्चीत बसवलं. खिडकीतून ते बाहेर बघत राहिले. दुपारी त्यांनी पोटभर जेवण केलं. तिन्हीसांजेला परत शेळ्या आल्या, पण छतावर नव्हे, लांब डोंगरावर. मी घाबरून सिस्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "शेळ्या लांब गेल्या ना? जाऊ द्या. चकवा एकदम सुटत न्हाई." त्या रविवारी त्यांची सुट्टी होती. तरी त्या आल्या होत्या, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

सोमवारी सकाळी मी चहाला खाली गेलो आणि आलो, तर पान फाडायचा नंबर अण्णांचा लागलेला. सिस्टरांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं. चष्मा नाकावर, मशीन कानात. अण्णांनी पान फाडलं, घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

"अण्णा, आज बाजार कुठला?" सिस्टरांनी विचारलं.

"बेल्हं."

"त्याच्या आधी?"

"जुन्नर. त्याच्या आधी चाकण." थोडं थांबून, "ह्ये काय इचारायचं झालं का?"

मी खाटेशी उभा. सवयीने सुरू केलं, "अण्णा, मी तुमचा..."

अण्णांनी हात वर करून मला गप्प केलं. मग चादर थोडी उचलली. मी बसलो आणि हात आत घातला. त्यांनी माझी पाचही बोटं घट्ट धरली. पाच. हात आज गार होता. खात्री करून घ्यायला मी दोन दिली. अण्णांनी दोन बोटं झटकली, तीच जुनी, तुच्छ झटक. परत पाच. मी तीन. त्यांनी जरा वेळ घेतला, मला घोळवला आणि चार धरली. चार, आणि हलेनात.

काय विकतायत, काय घेतायत, मला पत्ता नव्हता. आकडा होता. मला तेवढा पुरे होता. मी तळहात दाबला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं, कारण वॉर्ड बघत होता आणि मला वॉर्डाला काही दाखवायचं नव्हतं.

"पक्का," अण्णा म्हणाले. "सिस्टर, तुमी साक्षीला."

"कसला सौदा, अण्णा?"

"सोमवारचा. बरा झालो की महिन्याचे चार सोमवार मला बेल्ह्याला न्यायचं, तुझ्या गाडीतनं. मी पाच म्हनलो व्हतो, तू चारवर आणलंस." मग माझ्याकडे नीट, चष्म्यातून बघितलं. "माल न बघता हात दाबला. ट्रॅक्टरवाल्या, तुझा हात अजून कच्चाय."

ट्रॅक्टरवाल्या. इतकी वर्षं मला झोंबणारा शब्द. त्या दिवशी कुणी माझ्या नावाची पताका लावली असती तरी मी तिकडे बघितलं नसतं.

सिस्टर भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर परत खिळ्याला अडकवत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. खिसेही वाजत होते. मी चहाला गेलो तेव्हा हा सौदा अण्णांच्या कानात कुणी घातला, हे मला त्या खांद्यांवरून कळलं. सबंध वॉर्ड हसला. चार नंबरचे आबा म्हणाले, "महिन्याला पाच सोमवार आलं की एक तुझा, पोरा. कमावलंस."

तर ही माझी तक्रार. सोमवार हा माझ्या धंद्याचा मुख्य दिवस. तो गेला. दर सोमवारी मी अण्णांना काठीसकट गाडीत घालून बेल्ह्याला नेतो. ते बैलांच्या दावणीला फिरतात, दात बघतात, नावं ठेवतात आणि मी ऊन खात मागे उभा राहतो. पाचव्या सोमवारी मी मोकळा असतो. त्या दिवशी शेडवर करमत नाही, हा भाग वेगळा. संध्याकाळी दमले की अण्णा कधी एखादं नाव विसरतात. मी लगेच विचारतो, आज बाजार कुठला. ते शिवी देतात. मग मी निर्धास्त होतो.

सिस्टर निवृत्त झाल्या. मागच्या महिन्यात बाजारात, चारा विकणाऱ्यांच्या पलीकडून हिरव्या साडीतली एक बाई आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी बघत राहिलो. खिसे नसल्यामुळे वाजत नव्हती.

"काय भाऊ, ओळखलं का?"

हा क्षण मला देवाने दिला होता. मी आवाज चढवून, चार माणसं वळून बघतील असा म्हणालो, "बाई, हे विचारायचं नसतं. नाव सांगा, गाव सांगा, वार सांगा, वेळ सांगा."

त्या एवढ्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग बाजाराच्या मधोमध सरळ उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या पोरीसारखं सगळं सांगितलं. सोमवार. सकाळचे साडेदहा. डोंगरातलं ते गाव. आणि स्वतःचं नाव. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतक्या दिवसांत हे नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग अण्णा आले. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढलं, सिस्टरांचा हात घेतला आणि वरून झाकलं. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे होते. काय ठरलं, म्हणून मी तीनदा विचारलं. दोघांनीही सांगितलं नाही.

म्हणून त्यांचं नाव मीही इथं लिहीत नाही. राग आहे म्हटलं ना.